लष्करातलं क्वांटम तंत्रज्ञान आणि सरकारी नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळ पट्ट्यात विज्ञानावर व्याख्यान झालं की चिठ्ठ्या येतात, आणि मग पुढे व्हॉट्सअॅपवर निरोप येत राहतात. जानेवारी २०२६ मध्ये लष्कराच्या क्वांटम धोरणाची बातमी आल्यापासून बहुतेकांना त्याबद्दलच विचारायचं असतं. तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. क्वांटम म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनचं शास्त्र ना? त्याचं सैन्याला काय काम?

हो, तेच शास्त्र. ट्रान्झिस्टर आणि लेझर त्यातूनच आले आणि सैन्यात कधीचेच रुळले. आत्ता चर्चा आहे ती एकेका कणाची अवस्था हवी तशी घडवून, ती टिकवून, कामाला लावण्याची. तो कण एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, असेल, एखादा अणू असेल किंवा हिऱ्यातला एखादा दोष असेल.

सैन्याला यात चार गोष्टी हव्या आहेत. निरोप कुणी मधे ऐकला तर ते कळलं पाहिजे. अवघड गणितं उरकणारी यंत्रं हवीत. उपग्रहाशिवाय जागा, दिशा आणि वेळ सांगणारी मापनयंत्रं हवीत. आणि हे सगळं बनवायला लागणारा माल, म्हणजे चिप, लेझर, अतिशीत तापमानात चालणाऱ्या केबली, तो देशातच मिळायला हवा. नाव सगळ्यात मोठं कॉम्प्युटरचं असलं तरी जवानाच्या हाती आधी पडतील ती मापनयंत्रं (प्रश्न ८).

२. लष्करासाठी वेगळं मिशन आहे की राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्येच सगळं आलं? ते सहा हजार कोटी सैन्याचे का?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. तरतूद ६००३.६५ कोटी रुपये, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. हा पैसा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागामार्फत खर्च होतो. तो संरक्षण खात्याचा नाही. मिशनची चार केंद्रं आहेत : कॉम्प्युटिंग बंगळुरूच्या आयआयएससीत, कम्युनिकेशन आयआयटी मद्रासला, सेन्सिंग आणि मापन आपल्या पवईच्या आयआयटीत, तर साहित्य आणि उपकरणं आयआयटी दिल्लीत.

लष्कराचा दस्तऐवज वेगळा आहे. तिन्ही दलांसाठी मिळून असलेली ‘मिलिटरी क्वांटम मिशन’ची धोरण-चौकट संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध केली. खांब तेच चार, आणि ती राष्ट्रीय मिशनशी जुळवून घेतलेली आहे. नागरी आणि लष्करी संस्थांनी एकत्र बसून ठरवायचं, अशी त्यात रचना आहे.

या एकत्र बसण्याला मी फार महत्त्व देतो. लष्कराने एक यंत्रणा घ्यायची, नौदलाने दुसरी, आणि युद्धाच्या वेळी दोघांची उपकरणं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, ही किंमत कुठल्याही देशाला परवडत नाही.

३. म्हणजे याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं?

होतं, आणि बऱ्यापैकी होतं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या दोन प्रयोगशाळांमध्ये डिसेंबर २०२० मध्ये क्वांटम चावीची देवाणघेवाण झाली (प्रश्न ६). लष्कराने महू इथल्या दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ मध्ये क्वांटम प्रयोगशाळा उभारली. नौदलाच्या शस्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स प्रणालींचं काम पाहणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेशी सुरक्षित संदेशवहनासाठी करार केला. मे २०२५ मध्ये डीआरडीओचं क्वांटम संशोधन केंद्र दिल्लीत मेटकाफ हाऊसला सुरू झालं. हे सगळे प्रयत्न सुटे सुटे होते. नव्या धोरणाने त्यांना एका आराखड्यात आणायचं ठरवलं आहे.

४. क्वांटम कॉम्प्युटर आला की सैन्याचे सगळे कोड फुटणार, हे खरं का?

सगळे नाही. एन्क्रिप्शनचे, म्हणजे निरोप चावीने बंद करण्याचे, दोन प्रकार वेगळे धरा. पहिल्यात दोन्ही बाजूंकडे एकच चावी असते, उदाहरणार्थ एईएस. त्यावर क्वांटम कॉम्प्युटरचा परिणाम मर्यादित आहे. २५६ बिटांची चावी वापरली तर ताकद निम्म्यावर, म्हणजे १२८ बिटांएवढी येते, आणि तेवढी पुरेशी मानली जाते. दुसऱ्या प्रकारात चावी उघड वाहिनीवरून ठरवतात, डिजिटल सही करतात. आरएसए आणि तिच्या जातभाई पद्धती या गटातल्या. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर या पद्धती मोडू शकतो.

पुरेसा म्हणजे किती मोठा? २०४८ बिटांची आरएसए मोडायला सुमारे दोन कोटी क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरमधले बिट) आणि आठ तास लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये आला होता. मे २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला, मुदत आठवड्याच्या आत. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या विलो चिपवर १०५ क्यूबिट आहेत. आपल्या मिशनचं आठ वर्षांचं उद्दिष्ट ५० ते १००० क्यूबिटांचं आहे. अंतर अजून मोठं आहे. मला काळजी वाटते ती यंत्र वाढण्यापेक्षाही अंदाज खाली येण्याची : सहा वर्षांत तो विसाव्या हिश्शावर आला, आणि ते कागद-पेन्सिलीच्या जोरावर.

५. एवढं अंतर आहे तर आत्ताच घाई कशाला?

कारण चोरी आजच होऊ शकते. शत्रू आजचे बंद निरोप नुसते साठवून ठेवतो आणि यंत्र तयार झालं की उघडतो. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली येतात, ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. वाहत्या माहितीची नक्कल करून ठेवणं हे जगभर गुप्तहेर खात्यांचं रोजचं काम आहे.

आता गुपिताचं आयुष्य बघा. उद्याच्या गस्तीचा मार्ग परवा निरुपयोगी होतो. पण पाणबुडी पाण्यात कसा आवाज करते, त्याची नोंद ती पाणबुडी सेवेत असेपर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस वर्षं, शत्रूच्या कामाची असते. यंत्र पंधरा वर्षांनी येणार असेल आणि आपल्याला सगळी उपकरणं बदलायला दहा वर्षं लागणार असतील, तर तीस वर्षांच्या गुपिताला आज आधीच उशीर झालेला आहे. म्हणून माझ्या मते कुठल्याही लष्करी क्वांटम नियोजनात पहिलं काम यादीचं : कुठल्या रेडिओ संचात, कुठल्या जहाजावर, कुठल्या क्षेपणास्त्राच्या नियंत्रण प्रणालीत कुठलं एन्क्रिप्शन बसवलेलं आहे, आणि ते बदलायची तारीख कोणती. प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाचा फोटो छापून येतो, या यादीचा येत नाही. पण बदल त्या यादीवरूनच होतो.

६. क्यूकेडी, क्यूकेडी ऐकतो. ते असतं काय, आणि आपल्याकडे खरंच चालतं का?

क्वांटम पद्धतीने चावी पोचवणं म्हणजे क्यूकेडी. मूळ कल्पना १९८४ ची, बेनेट आणि ब्रासार्ड यांची. एकेक फोटॉन पाठवायचा, त्याच्या ध्रुवीकरणात, म्हणजे कंपनाच्या दिशेत, एक बिट. मधे कुणी मोजायला गेलं तर अवस्था बिघडते. दोन्ही टोकं मग काही बिट उघडपणे पडताळतात. चुकांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, तर कुणीतरी ऐकतंय असं धरून ती चावी टाकून देतात. निरोप स्वतः नेहमीच्याच वाहिनीने जातो, फक्त चावी अशी ठरते.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल हे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आधीच टाकलेल्या व्यापारी ऑप्टिकल फायबरवर गाठलं. जून २०२५ मध्ये त्यांनीच आयआयटी दिल्लीच्या आवारात हवेतून, एक किलोमीटरहून जास्त अंतरावर, गुंतलेले म्हणजे एन्टँगल्ड फोटॉन वापरून चावी पोचवली. वेग सेकंदाला सुमारे २४० बिट, चुका सात टक्क्यांच्या आत. हा वेग हास्यास्पद वाटतो, पण २५६ बिटांची एक नवी चावी साधारण सेकंदाला तयार होते. चावी बदलायला तेवढं पुष्कळ झालं.

अडचण अंतराची. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरमागे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. ठाण्याहून नाशिकपर्यंतच्या दीडशे किलोमीटरमध्ये हजार फोटॉनांतला एखादाच पोचतो. मधे नेहमीचा अॅम्प्लिफायर बसवता येत नाही, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही. मग वाटेत ‘विश्वासू ठाणी’ करावी लागतात. चावी तिथे उघडते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बंद होते, म्हणजे त्या प्रत्येक खोलीवर पहारा आला. चीनची २०१७ मधली सुमारे दोन हजार किलोमीटरची बीजिंग-शांघाय वाहिनी अशीच चालते. लांबचा दुसरा मार्ग उपग्रहाचा. चीनने २०१६ मध्ये मिशियस सोडला. आपल्या मिशनचंही उपग्रहाद्वारे २००० किलोमीटरचं उद्दिष्ट आहे.

७. अमेरिका आणि ब्रिटन म्हणतात क्यूकेडी नको, पीक्यूसी वापरा. मग आपण चुकीच्या वाटेवर आहोत का?

पीक्यूसी म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही सुटणार नाहीत असं मानलेल्या गणितांवर बांधलेलं एन्क्रिप्शन. ते साध्याच कॉम्प्युटरवर चालतं, नवीन केबल लागत नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पहिली तीन मानकं जाहीर केली. तिथल्या एनएसए या गुप्तवार्ता संस्थेने राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी क्यूकेडीची शिफारस केलेली नाही, ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राचीही भूमिका तशीच. कारणं ठोस आहेत : वेगळी उपकरणं लागतात, विश्वासू ठाण्यांचा धोका उरतो, आणि समोरचा माणूस खरंच तोच आहे का हे क्यूकेडी स्वतःहून सांगत नाही.

तरी मी त्याला चुकीची वाट म्हणणार नाही. मुख्यालय ते मुख्यालय अशा ठरावीक फायबरवर, पहारा असलेल्या जागी, दोन्ही एकत्र वापरले तर एक पडलं तरी दुसरं तगतं. पण डोंगरातल्या तुकडीच्या हातातल्या संचाला, ड्रोनला, जहाजाला क्यूकेडीचा आज उपयोग नाही. तिथे पीक्यूसीच लागणार, आणि सैन्याची बहुसंख्य उपकरणं तिथलीच आहेत. बातम्यांमध्ये क्यूकेडीला जी जागा मिळते ती या प्रमाणाशी जुळत नाही.

तारखांच्या बाबतीत मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखं आहे. तिथे राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणांसाठी १ जानेवारी २०२७ पासूनची नवी खरेदी नव्या पद्धतींना धरूनच करायची आहे, आणि एकूण बदलाचं लक्ष्य २०३५ चं आहे. खरेदीच्या निविदेत अट आली की पुरवठादार आपोआप हलतात.

क्यूकेडी हॅक होऊच शकत नाही, असंही ऐकायला मिळतं. भौतिकशास्त्राचा नियम मोडत नाही, पण यंत्र मोडतं. २०१० मध्ये संशोधकांनी बाजारातल्या क्यूकेडी यंत्रांच्या डिटेक्टरवर प्रखर प्रकाश टाकून ते आंधळे केले आणि पकडले न जाता चावी मिळवता येते हे दाखवलं. त्यानंतर संरक्षणाचे उपाय निघाले. म्हणून लष्कराने उपकरण घेताना कंपनीच्या माहितीपत्रकावर न थांबता आपल्याच प्रयोगशाळेत ते फोडून बघण्याची सोय आधी केली पाहिजे.

८. मी मर्चंट नेव्हीत आहे. आखातात जीपीएस पार वेडंवाकडं दाखवतं. क्वांटम नेव्हिगेशन यावर उपाय आहे का?

नेरूळ-सीवूड्समधून हा प्रश्न फार येतो, कारण तुम्ही लोकांनी हे ब्रिजवर प्रत्यक्ष पाहिलेलं असतं : जहाज भर समुद्रात आणि पडद्यावर ते विमानतळाच्या धावपट्टीवर. जीपीएसचा सिग्नल हजारो किलोमीटरवरून येतो, तो अतिशय क्षीण असतो. जवळून तो दाबणं किंवा खोटा पाठवणं अवघड नाही. लष्कराची जहाजं आणि विमानं याच अडचणीत सापडू शकतात.

उपाय तीन बाजूंनी येतोय. पहिला घड्याळांचा. सिग्नलला लागलेल्या वेळेवरून अंतर ठरतं, म्हणून एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे तीस सेंटिमीटरची चूक. आपल्या दिशादर्शन उपग्रहमालेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही परदेशी अणुघड्याळं बंद पडली, तेव्हा हा धडा महागात मिळाला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशी रुबिडियम घड्याळ आहे. दुसरा उपाय थंड केलेल्या अणूंनी प्रवेग मोजण्याचा. बाहेरचा कुठलाच सिग्नल लागत नाही, त्यामुळे दाबण्यासारखं काही उरत नाही. पण ही यंत्रं अजून अवजड आणि हादऱ्यांना नाजूक आहेत.

तिसरा उपाय मला सर्वांत आशादायक वाटतो : पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातल्या बारीक चढउतारांवरून जागा ओळखणं. हिऱ्यात कार्बनच्या दोन अणूंच्या जागी एक नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा असा दोष असतो. त्यावर हिरवा लेझर टाकला की तो लाल उजळतो. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासचे सूक्ष्मतरंग सोडले की तो लाल उजेड ठरावीक कंपनसंख्येला किंचित मंदावतो, आणि ही कंपनसंख्या चुंबकक्षेत्राप्रमाणे सरकते. सगळं सामान्य तापमानाला. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कस्तुरी साहा यांच्या गटाने याच दोषांवर आधारलेला देशी क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप बनवला आहे.

मात्र सेन्सर कितीही चांगला असला तरी नकाशा लागतो, आणि इथे नवी मुंबई येते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. कुलाब्यातली चुंबकीय नोंद एकोणिसाव्या शतकापासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. इतक्या दीर्घ नोंदी जगात थोड्याच ठिकाणी आहेत. चुंबकीय नकाशाचं काम लष्करी नियोजनात सेन्सरच्या बरोबरीने आलं पाहिजे, नंतरची पुरवणी म्हणून नाही.

९. मग पाणबुड्या आता लपूच शकणार नाहीत?

तसं होणार नाही. पाणबुडीमुळे होणारा चुंबकीय बदल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की खूण आठव्या हिश्शावर. त्यामुळे सेन्सर हजारपट संवेदनशील केला तरी पल्ला फार तर दहापट वाढतो, तोही लाटा, जमीन आणि विमानाचं स्वतःचं लोखंड यांचा गोंधळ वजा करता आला तर. नौदलाच्या पी-८आय विमानांवर चुंबकीय शोधक आजही आहे. क्वांटम सेन्सर हे काम जास्त चांगलं करेल, अख्खा समुद्र पारदर्शक करणार नाही.

१०. क्वांटम रडारने स्टेल्थ विमान दिसतं म्हणे?

चीनमधून असे दावे २०१६ पासून येत आहेत. अमेरिकेच्या संरक्षण विज्ञान मंडळाने २०१९ मध्ये निष्कर्ष काढला की क्वांटम रडारमुळे त्यांच्या क्षमतेत भर पडणार नाही. आपल्या मर्यादित पैशांत याला आज पुढची जागा नको.

११. आमच्या परिसरात यातलं काय काय चालतं?

पवईचं सेन्सिंग केंद्र (प्रश्न २ आणि ८) ऐरोली पुलापासून जवळच. कुलाब्याच्या टीआयएफआरने आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने मिळून २०२४ मध्ये सहा क्यूबिटांच्या अतिवाहक (विजेला विरोध न करणाऱ्या साहित्याच्या) प्रोसेसरची संपूर्ण चाचणी केली. त्याचा क्लाउडवरचा इंटरफेस टीसीएसचा. अंबरनाथची डीआरडीओ प्रयोगशाळा नौदलाच्या साहित्यावर, पाणबुडीच्या इंधनघटांवर काम करते. ती क्वांटमची नाही. हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे.

१२. आमचं वागळे इस्टेटला मशीन शॉप आहे. यात आमच्यासारख्याला काही काम आहे का?

आहे, आणि मला हा प्रश्न आला की बरं वाटतं. क्वांटम यंत्राचा मोठा भाग फिजिक्सचा नसून यंत्रकामाचा असतो : व्हॅक्यूम चेंबर, चुंबकीय नसलेल्या धातूचे सुटे भाग, लेझरची न हलणारी बैठक, मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या, तापमानाला टिकणाऱ्या जोडण्या. अशा मालावर परदेशांत निर्यातबंधनं वाढत आहेत, म्हणून देशी पुरवठादार लागणारच. राष्ट्रीय मिशनने पहिल्या फेरीत निवडलेल्या आठ स्टार्टअपमध्ये अतिशीत केबली बनवणारी पवईची कंपनी आहे आणि अणुघड्याळावर काम करणारी पुण्याची. संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेत स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना सोडवायला आव्हानं देतात. नेहमीच्या आव्हानाला दीड कोटीपर्यंत, त्यापुढच्या प्राइममध्ये दहा कोटीपर्यंत आणि अदितीमध्ये पंचवीस कोटीपर्यंत अनुदान मिळतं. थेट आयडेक्सला अर्ज करण्याआधी एखाद्या प्रयोगशाळेला एक सुटा भाग करून द्या. त्यांना सहनमर्यादा किती कडक लागते ते तिथे कळेल.

१३. ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, आमचा एक क्लायंट संरक्षण क्षेत्राला सॉफ्टवेअर देतो. आम्ही काय करायचं?

प्रश्न ५ मधली यादी आपल्या पातळीवर करा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सॉफ्टवेअरमधल्या क्रिप्टोग्राफीची यादी ठेवण्याची पद्धत दिली आहे. कोडमध्ये आरएसए कुठे थेट लिहिलंय ते शोधा आणि ते बदलता येईल अशा स्वतंत्र थरात काढा. पुढे मानक बदललं तरी पुन्हा सगळं उकलावं लागणार नाही.

१४. मुलगी बारावी सायन्सला आहे. क्वांटममध्ये जाऊन डीआरडीओत जायचं म्हणते. काय शिकावं?

तिला जाऊ द्या. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि एक प्रोग्रामिंग भाषा पक्की हवी. बीएस्सी फिजिक्स आणि बीटेक, दोन्ही वाटा चालतात. बीटेकला एआयसीटीईने क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर अभ्यासक्रम आखून दिला आहे. डीआरडीओत शास्त्रज्ञ म्हणून अभियंत्यांना बहुतेक वेळा गेटच्या गुणांवरून बोलावतात. प्रकाशयंत्रं, आरएफ (रेडिओतरंगांची) उपकरणं आणि व्हॅक्यूम हाताने जुळवता येणारी माणसं सगळीकडे कमी आहेत, तेव्हा प्रॅक्टिकलचा तास तिने कधीही बुडवू नये.

१५. सोसायटीत एक जण ‘मिलिटरी ग्रेड क्वांटम सिक्युरिटी’ विकायला आला होता. शिवाय क्वांटम एआय ट्रेडिंगच्या जाहिराती दिसतात. घ्यावं का?

नाही. सोसायटीच्या सीसीटीव्हीला आणि वायफायला मजबूत पासवर्ड, वेळेवर अपडेट आणि बँकेच्या अॅपचं नवं व्हर्जन पुरतं. पीक्यूसी तुमच्या फोनमध्ये कंपन्यांच्या अपडेटमधूनच येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ‘क्वांटम एआय’ नावाच्या गुंतवणूक जाहिरातींमध्ये मंत्र्यांचे आणि उद्योगपतींचे बनावट व्हिडिओ वापरलेले आढळले आहेत. पैसे भरून झाले असतील तर वाट बघू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.